पुढची चाकं

"गाडी बघायला आलोय," असं सांगून मी महिपती रेडेकरच्या अंगणात शिरलो तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टॉमी होती. टॉमी म्हणजे टायर उचकटायची हातभर लांब लोखंडी कांब. गॅरेजवाल्याच्या पिशवीत ती असतेच, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. मला मात्र पक्कं ठाऊक होतं की मी ती टायरसाठी आणलेली नाही.

महिपती ओट्यावर घायपाताचा दोर वळत बसला होता. चाळिशीचा, काटकुळा, दाढीचे खुंट वाढलेला माणूस. दोर तसाच टाकून तो उठला.

"कुठलं पावणं?"

"निपाणीचा," मी थाप मारली.

"लई लांबनं आलासा. च्या टाकाय सांगतो. आगं ए, ऐकलंस का? पावणं आल्यात."

"चहा ऱ्हाऊ दे. आधी गाडी दावा. छोटी जीप न्हवं? फोर बाय फोर?"

"तीच." तो जरा घुटमळला. "पर खरं सांगू का पावणं? घिऊ नका ती गाडी. चिखलात दगा देती."

तीन वर्षांत मी छोट्या जीपचे चाळीसएक मालक पाहिले होते. आईची शपथ घेऊन गाडीची तारीफ करणारे पाहिले, इंजिनातून धूर येत असताना त्याला वाफ म्हणणारे पाहिले. गाडी घेऊ नका म्हणणारा हा पहिलाच. ह्यात काहीतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं आणि पिशवीतल्या टॉमीवर हात गेला.

मी आजऱ्याचा केरबा तोडकर. तेव्हा तिशीत होतो आणि माझं डोकं पेटायला आगकाडी लागत नसे. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, गॅरेज काढलं आणि मी ते नावारूपाला आणलं. धाकटा भाऊ रंगराव. गॅरेजच्या काळ्या तेलाचा त्याला तिटकारा होता, गाणी म्हणत मोटारसायकलवर हिंडायचं एवढंच त्याला जमायचं. मी त्याला रोज शिव्या घालायचो आणि माझ्याइतका त्याच्यावर जीव कुणाचा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात तो गेला. मोटारसायकल घाटाच्या एका वळणावर मोडून पडलेली आणि रंगराव तिथून कोसभर खाली, रस्त्याच्या कडेला, मेलेला. डोकं फुटलेलं, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. म्हशी राखणाऱ्या एका बाईनं त्या दिवशी एक छोटी हिरवी जीप घाई-घाईनं जाताना बघितली होती. सगळ्या गावानं एकच अर्थ लावला. जीपवाल्यानं उडवलं, वर पुरावा नको म्हणून उचलून लांब नेऊन फेकलं. पोलीस चौकशी चालू आहे म्हणाले आणि ती चालूच राहिली.

मग मी गिऱ्हाईक झालो. कुठं कुणी छोटी जीप विकतोय असं कानावर आलं की मी निघालोच. बंपर बदललाय का, दिवा नवा आहे का, पुढचा पत्रा ठोकून सरळ केलाय का, हे मी खाली झोपून बघायचो. मालकाला वाटायचं, किती चोखंदळ माणूस! संकेश्वरच्या एका मालकानं बंपर नवा टाकला होता. का टाकला ह्याचं उत्तर देताना तो अडखळला आणि मी त्याचे दोन दात पाडले. पुढं निघालं ते एवढंच की त्याला बायकोच्या भावाची म्हैस आडवी आली होती आणि घरात कळू द्यायचं नव्हतं. आण्णा त्या परक्या माणसाच्या पाया पडले तेव्हा कुठं मी सुटलो.

कारण आण्णा प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर असायचे. टोपी घालायची, शेजारी येऊन बसायचं, वाटेत एक शब्द बोलायचा नाही.

"केरबा, गाडी घावली तर काय करणार हाईस?" एकदाच त्यांनी विचारलं होतं.

"गाडीवाला घावंल."

"आनि मग?"

"मग त्येचं मी बघतो."

आण्णा टोपी सारखी करून पुढचा रस्ता बघायला लागले. घाटावरच्या मुसळमाळाच्या बाजूचं कुणी काही सांगितलं की मात्र म्हणायचे, "तिकडं कशाला? तिकडं म्हसरंबी चालत न्हाईत." मी ऐकायचो. बापाचं एवढं एकच मी ऐकायचो.

त्या दिवशी आण्णा गडहिंग्लजला बहिणीकडं लग्नाला गेले होते. सकाळी पंक्चरवाला दस्तगीर चहा पिता-पिता बोलून गेला, "मुसळमाळावर एका छपरात छोटी जीप हुबी हाय बग. तीन वर्सं झाली. मालक चालवत न्हाई आन कुणाला दावत न्हाई. आता बायकोनं इकायचं मनावर घेतलंय म्हणं."

तीन वर्षं. मी चहाचा कप तसाच ठेवला.

महिपतीनं मला घरामागच्या छपरात नेलं. जीपच्या टपावर भाताच्या पिंजराच्या पेंढ्या रचलेल्या, चारी टायर बसलेले, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. रंग हिरवा. मी पुढून फिरलो. दिवे जागच्या जागी होते, बंपर जुनाच, पत्र्याला पोचा नाही. आडव्या आलेल्या मोटारसायकलीला उडवणाऱ्या गाडीचं तोंड एवढं साफ राहत नाही, हे माझ्या धंद्यातलं शेंबडं पोर सांगेल. मी ते पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. मला गाडी सापडायला हवी होती.

मागचं फळकूट उघडलं. दोन्ही बाजूंच्या बाकांपैकी डावीकडच्या बाकाच्या रेक्झिनवर काळपट डाग होता, वाळून भेगाळलेला. बाकाखाली वाकून पाहिलं आणि हात घातला. हाताला चप्पल लागली. उजव्या पायाची. तळाला ट्रकच्या टायरचा तुकडा, त्याला आठ खिळे. ते खिळे मीच मारले होते. रंगराव चप्पल फार झिजवायचा.

"ही कुणाची?" मी विचारलं.

महिपतीनं चपलेकडं पाहिलं आणि उकिडवा खालीच बसला. पळाला नाही.

"तुम्ही केरबा न्हवं?" तो म्हणाला.

मी नाव सांगितलं नव्हतं. त्याला ते कुठून कळलं, हा विचार यायला डोकं जागेवर लागतं. मी टॉमी काढली.

पहिला फटका त्यानं हातावर झेलला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर बसला, तिसरा बरगडीत. तो ओरडला नाही ह्याचाच मला जास्त संताप आला. ओरडला असता, हातापाया पडला असता, खोटंनाटं काही बोलला असता तर कदाचित मी थांबलो असतो. मी त्याला केसांना धरून ओढत पुढं नेलं आणि त्याचं तोंड बंपरवर आपटलं. रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. कोंबड्या फडफडत छपराबाहेर पळाल्या. मी रंगरावचं नाव घेऊन एकेक फटका मारत होतो आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

"डोसक्यात नको," तो एकदाच पुटपुटला. "केरबा, डोसक्यात नको मारू."

मी डोक्यातच मारायला टॉमी उचलली. तेवढ्यात माझ्या डाव्या कानावर डोंगर कोसळला.

त्याची बायको मुसळ घेऊन आली होती. हौसाक्का तिचं नाव, ते मला नंतर कळलं. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. मी भेलकांडलो, तसाच वळून तिला लाथ मारली. ती पेंढ्यांवर पडली आणि पडल्या-पडल्या तिनं माझा पाय धरून दात रोवले. मी तिच्या पाठीत गुद्दा घातला. बाईवर हात टाकला मी. आण्णांनी घरात कधी आईवर आवाज चढवला नव्हता, त्यांचा मी मुलगा.

"मार, मला बी मार!" ती किंचाळली. "त्येचा तर जीव घेतलासच! आण्णांनी शपथ घातलीया म्हणून गप हाय त्यो, न्हाईतर कवाच बोलला असता!"

"कुठलं आण्णा?"

"तुजा बा! आजऱ्याचं गॅरेजवालं आण्णा!"

माझ्या हातातली टॉमी तशीच वर राहिली.

"आगं गप," महिपती खालून म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. "बिरोबाम्होरं भंडारा उचललाय मी. गप बस."

"तू उचललायस! मी न्हाई उचलला!" हौसाक्का उठून बसली. पदर सरकला होता, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. "मी बोलणार. ऐक रं, केरबा. तुजा भाऊ वळणावर आपला आपण पडला. एकटाच. ह्येनी खालनं येत हुतं, त्येनी बघितलं. उचलून गाडीत घातलं. आजऱ्याकडं जायाच्या रस्त्यावर दरड आल्याली, म्हणून दवाखान्याला न्यायला रानातल्या कच्च्या वाटंनं गाडी घातली. थितं चिखलात रुतली."

"मग?"

"मग काय? ह्येनी दांडा वडत्यात, पुन्यांदा वडत्यात. मागली चाकं गरागरा फिरत्यात, पुढली जाग्याला. फोर बाय फोर म्हणून हौसंनं आणल्याली, महिना न्हवता झाला. चाकाखाली पाला घातला, सवताचा सदरा काढून घातला. दोन तास. पोरगं पानी पानी करीत हुतं. ह्येच्या मांडीवर गेलं. पाऊस वसरल्यावर कुठं गाडी मागं निघाली."

"रस्त्यावर का टाकला मग त्येला?"

"भ्यालं!" ती ओरडली. "गाडीवाला घावला की लोकं आधी मारत्यात, मग इचारत्यात. आता तू काय केलंस?"

माझ्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं. पण माणूस मोठा निगरगट्ट असतो. मी उत्तर शोधलं ते धंद्यातलं.

"खोटं बोलतीस," मी म्हणालो. "दांडा वडल्यावर पुढची चाकं फिरणारच. फिरली कशी न्हाईत?"

आणि हे सिद्ध करायला मी पुढच्या उजव्या चाकाशी गुडघ्यावर बसलो.

त्या जातीच्या छोट्या जीपमध्ये गिअरशेजारी दुसरा दांडा असतो. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळतो. पण त्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांपैकी प्रत्येकाच्या मधोमध असलेली खुंटी हातानं फिरवावी लागते. तिच्यावर दोन खुणा असतात, एक मोकळं आणि एक बांधलेलं. खुंटी मोकळ्यावर असेल तर आत दांडा कितीही ओढा, पुढची चाकं बघत राहतात. ज्याला कुणी सांगितलं नाही त्याला हे कळायचा मार्ग नाही.

मी अंगठ्यानं धूळ पुसली. खुंटी मोकळ्यावर होती. तिच्यावरून चाकाच्या बोल्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ गेली होती. अखंड, कुठंही न मोडलेली. खुंटी एकदा जरी फिरवली असती तर रेघ तुटली असती.

ती रेघ मी ओढलेली होती. काम पुरं झालं की बोल्टवर पिवळा रंग लावायची सवय आजऱ्यात माझी एकट्याची. रंगराव जाण्याच्या दोन-तीन महिने आधी एका एजंटानं लष्कराच्या लिलावातून सहा जीप आणल्या होत्या. त्या मी तयार करून दिल्या, रंग त्यानं पुढं दुसरीकडं मारून घेतला. सगळ्यांच्या खुंट्या मी मोकळ्यावर करून ठेवल्या. तशी गाडी डांबरी रस्त्यावर हलकी चालते, पेट्रोल कमी खाते, गिऱ्हाईक खूश होतं. सगळे करतात, मीही करायचो. घेणाऱ्याला खुंटीचं सांगा, एवढं एक वाक्य एजंटाला बोलायचं होतं. मी बोललो नाही. शहरातले हौशे घेणार, त्यांना कुठला चिखल, असा माझा हिशेब.

चाळीस गाड्यांच्या खाली मी झोपलो होतो. माझा माणूस मारणारा शोधत होतो आणि तो रोज सकाळी माझ्याच आरशात दाढी करत होता.

भानावर आलो तो हौसाक्काच्या हाकेनं. "बसलास काय? उचल त्येला!" घोंगडीत घालून आम्ही दोघांनी महिपतीला माळाखाली आणलं आणि दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं पाणी मागितलं. टेम्पोत पाणी नव्हतं, नुसतं दूध होतं. मी हुंदके देत त्याला दूध पाजत होतो आणि ड्रायव्हर मागं वळून वळून बघत होता.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा महिपती म्हणाला, "छपरावरनं पडलो." डॉक्टरांनी माझ्या सदऱ्याकडं, सुजलेल्या कानाकडं, पाठ धरून उभ्या हौसाक्काकडं पाहिलं. "तिघंबी पडलात का?" ते म्हणाले आणि हात बघायला लागले.

दुपार कलली तेव्हा आण्णा आले. कुणीतरी निरोप पोचवला असावा. लग्नातला फेटा तसाच होता. त्यांनी महिपतीचा प्लास्टरमधला हात बघितला, फुटलेलं तोंड बघितलं आणि माझ्याजवळ येऊन फाडकन मुस्काटात मारली. जन्मात पहिली आणि शेवटची.

"तुमाला ठावं हुतं," मी म्हणालो. "पयल्यापास्नं."

"बाराव्याला आला हुता हा आपल्या दारात. समदं सांगितलं. पुढली चाकं फिरली न्हाईत म्हणला, तवाच मी समजलो." आण्णांनी डोक्यावरचा फेटा काढला. "तुज्या हाताखाली भाग धुतो मी, केरबा. मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाईत? चाळीस गाड्या बघत हिंडलासा माझ्यासंगं!"

"तू कुणाला मारशील म्हणून न्हवतो हिंडत." ते खाली बसले. "मारलं असतंस तरी एखाद्येळ सोसलं असतं. पर खुंटीचं कळल्यावर तू सवताला काय करशील, हेच्या भ्यानं मला तीन वर्सं झोप न्हाई. एक गेलंच हुतं. दुसरं विहिरीत बघायचं हुतं काय मी?"

मी रडलो. तिथंच, लोखंडी खाटेच्या पायाला धरून, लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडलो. रंगराव गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो, तेव्हा मला राग धरायचा होता.

मग आण्णा महिपतीकडं वळले. "शपथ सुटली तुजी. बोल आता. दे ह्येला चार शिव्या, मला दे. काय बोलायचं ते बोल."

महिपतीचे ओठ सुजून टम्म झाले होते. त्यानं दोनदा प्रयत्न केला तेव्हा कुठं शब्द फुटले.

"आण्णांनी देवळात माझं पाय धरलं हुतं, केरबा. म्हणलं, पोराला कुणावर तरी राग धरू दे, तरच जगंल. तुज्यावर धरू दे. तू सोस." तो थांबला, दम घेतला. "सोसतो म्हणलो हुतो मी. भंडारा उचलून कबूल केलं हुतं. पर तुजा हात एवढा जड आसंल आसं काय वाटलं न्हवतं."

आणि फुटक्या तोंडानं तो हसायला गेला.